सोमवारपासून लागू

रविवार, ४ फेब्रुवारी

वेंधळे,

पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला हात लावू नकोस. फोन तू उचलत नाहीस, निरोपाला उत्तर देत नाहीस, मग राहिलं काय? टपाल. पोस्टमनला तरी तू दारातून परत पाठवणार नाहीस.

तू शिकवतेस त्या मुलींचा फुटबॉल संघ अंतिम सामन्यात पोचला हे तुझ्या नवऱ्याने आईला फोनवर सांगितलं, आणि आईने मला. तेव्हा शनिवारी, १६ मार्चला, तो सामना बघायला मी येतेय. विचारत नाहीये, कळवतेय. सहा वर्षांत तुला माझं तोंड बघावंसं वाटलेलं नाही, हे मला पाठ आहे. पण मैदान काही तुझ्या एकटीच्या मालकीचं नाही.

आईकडून कळल्यावर तुझा नवरा म्हणे स्टेशनवर गाडी घेऊन येतो म्हणाला. त्याला सांग, आभारी आहे, पण नको. एक तर त्या दिवशी दुपारी बारापासून मैदानाच्या आजूबाजूचे सगळे रस्ते वाहनांना बंद आहेत, म्हणजे तो मला जिथे सोडेल तिथून चालावं लागणारच. दुसरं म्हणजे चोवीस वर्षं मी बसची वेळापत्रकं करतेय. मी कुणाच्या गाडीतून गेले तर आमच्या खात्यात लोक तोंडावर हसतील.

बेत असा. इथून गाडी ७.१०ला सुटते, तिथे ११.२०ला पोचते. स्टेशनपासून लॉज पायी नऊ मिनिटं. एकला जेवण. दोन दहाची ट्राम, चार थांबे, तिथून नदीवरच्या पादचारी पुलाने मैदान बावीस मिनिटं. तुमच्या शहराच्या परिवहन कचेरीत वेळापत्रकाचं काम बघणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना मुद्दाम फोन करून विचारलं. पाच मिनिटांची चौकशी आणि पाऊण तास गप्पा. ट्रामवाल्यांचीही आमच्यासारखीच रड आहे: कागदावर फेरी वेळेत बसते आणि रस्त्यावर बसत नाही. भला माणूस. सामन्याच्या दिवशी जादा फेऱ्या आहेत म्हणाले, कितीला ते लिहून पाठवणार आहेत.

रविवारी सकाळी नदीकाठी फिरेन. परतीची गाडी ४.०५. मधे अकरा ते दोन काही ठरवलेलं नाही. मोकळं ठेवलंय. उगीच, तुला वेळ असला तर.

ताई

मंगळवार, १३ फेब्रुवारी

धाकटे,

तुझ्या नवऱ्याचं पत्र मिळालं. सभ्य माणूस आहे, दोन वाक्यांत त्याने तीन वेळा ‘कृपया’ लिहिलंय. एक, तुला ‘वेंधळी’ म्हटलेलं चालणार नाही. दोन, सामना सगळ्यांना खुला आहे, ताईंनी जरूर यावं, पण भेटीची अपेक्षा कृपया ठेवू नये.

बरं. नाही ठेवत.

पण तुला एवढं टोचलं काय, ते मला कळत नाही असं नाही. आईच्या सत्तरीच्या जेवणात मी ती गोष्ट सांगितली. तुझ्या सासरची माणसं समोर बसली होती, सगळे हसत होते, आणि मलाही चेव चढला. ‘आमची ही मोठी खेळाडूच व्हायची, पण निवड चाचणीच्या दिवशी बाईसाहेबांची बस चुकली, आमच्या घरात एक घड्याळ आणि एक वेंधळी.’ घरातली जुनी चेष्टा आहे, शंभर वेळा झालेली. तू ताट तसंच ठेवून उठलीस आणि नवऱ्याला म्हणालीस, चल. तेव्हापासून तू आईला भेटायला येतेस ती माझी कचेरी चालू असताना. बाबा गेले तेव्हा आलीस आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता गेलीस. एका चेष्टेसाठी एवढं ताणायचं? तुटेपर्यंत?

आता तू म्हणशील, चेष्टा नव्हतीच ती. ठीक आहे. परक्या लोकांसमोर बोलायला नको होतं. चुकलं माझं.

आणि त्या सकाळचं म्हणशील, तर वेळापत्रकं बदलायच्या दिवसांत थोडाफार घोळ होतोच. तेव्हाही तसा काही घोळ झाला असेल. दोष सगळा तुझाच होता असं मी म्हणत नाही.

बेतात एक बदल: तो पादचारी पूल मार्चअखेरपर्यंत दुरुस्तीला बंद आहे, ट्रामवाल्या गृहस्थांनी कळवलं. आता मोठ्या पुलावरून जायचं, सव्वीस मिनिटं. पुलावर वारा फार असतो म्हणे. टोपी घेईन.

ताई

रविवार, २५ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं कार्ड आलं. सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. चार शब्द: ‘घोळ म्हणजे नेमकं काय?’

ते कार्ड आठवडाभर कचेरीच्या खणात ठेवलं होतं. रोज खण उघडायचा, बघायचं, बंद करायचा. शेवटी म्हटलं, आपण दगडाखाली हात घालून बसलोय तो आपणच काढायला हवा.

तर ऐक. मधे थांबून फाडू नकोस, पूर्ण वाच.

आमच्या खात्यात एक खोड लागते, ती बाहेरच्या माणसाला कळायची नाही. आम्ही आजच्या वेळापत्रकात राहतच नाही. जे चालू आहे ते आमच्या दृष्टीने झालेलं काम, आमच्या डोक्यात पुढचं फिरत असतं. तेव्हा मला नोकरीला लागून पाच वर्षं झाली होती, आणि आपल्या मार्गाचं वेळापत्रक पहिल्यांदाच एकटीने माझ्या हातून झालं होतं. महिनाभर खपून केलेलं. छापून आलेलं पहिलं पान मी घरी आणून बाबांना दाखवलं, त्यांनी ते स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलं. आठवतं का तुला?

शनिवारी संध्याकाळी तू मला विचारलंस, ‘ताई, उद्या साडेआठच्या आत पोचायचं तर कितीची बस धरू?’ मी मान वर न करता सांगितलं, ‘सात चाळीस. निवांत जा.’ मला बघायची गरजच नव्हती, मला पाठ होतं.

पण ते वेळापत्रक सोमवारपासून लागू होतं. रविवारी जुनंच चालू होतं. जुन्यातली बस सात पंचवीसला होती, आणि त्यानंतर थेट आठ पाच.

तू सात तेहतीसला थांब्यावर होतीस. तू हे त्या दिवशी रडत रडत दहा वेळा सांगितलंस. ‘मी वेळेआधी गेले होते, बस आलीच नाही.’ आणि बाबांनी तुला दंडाला धरून दारापाशी नेलं, पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘सात चाळीस. छापलंय. बस काय तुझ्यासाठी रस्ता बदलून जाते?’ तू त्या पानाकडे बघत राहिलीस. मग तू बोलायचीच थांबलीस. मला वाटतं तुला स्वतःलाही वाटायला लागलं की आपणच कुठेतरी वेंधळेपणा केला.

दुपारी सगळे झोपले तेव्हा मी पाणी प्यायला उठले. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात तारीख होती, सोमवारची. ती मीच घातली होती. तू आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होतीस, जागी होतीस. तुझ्या पाठीकडे बघत मी दारात उभी राहिले. दोन पावलं पुढे यायला हवी होती. आले नाही.

का आले नाही, तेही सांगते. बाबांनी सकाळीच गल्लीभर सांगितलं होतं की आमच्या मोठीने बनवलेलं वेळापत्रक आहे, मिनिट चुकायचं नाही. ‘घड्याळ’ हे नाव मला तेव्हाच पडलं. आणि खरं खरं सांगू? तुला ओरडून झालं होतं. प्रकरण मिटलं होतं. मी म्हटलं, आता मिटलेलं कशाला उकरायचं, दोन दिवसांत विसरेल. दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड झालं, महिन्याने त्याहून, आणि वर्षाने मी तो विनोद म्हणून सांगायला लागले. विनोद केला की तो खरा होतो. चार लोक हसले की आपल्यालाही वाटतं, असंच झालं असेल.

तुझी बस चुकली नाही. मी चुकवली. आणि एकोणीस वर्षं मी तुला वेंधळी म्हणत आले. मला याची लाज वाटते. ती नेहमीच वाटत होती, पण ती मी एकटीच जाणत होते, त्यामुळे सोयीची होती.

आता तुला वाटलं मी मैदानात नको, तर तसं लिही. तिकीट परत करता येतं.

ताई

बुधवार, ६ मार्च

धाकटे,

तुझं दुसरं कार्ड. या वेळी दोनच शब्द: ‘आईला सांगितलंस?’

नव्हतं सांगितलं. तुला बरोबर ठाऊक होतं. तुला लिहिणं सोपं होतं, तू चार तासांवर आहेस. आई समोर बसते, आणि आता या घरात आम्ही दोघीच. सकाळी ती माझ्या चपलांच्या आवाजावर गॅस पेटवते. शेजारपाजारी सांगत असते, आमच्या मोठीवर घड्याळ लावून घ्या. शहात्तर वर्षांच्या बाईच्या हातातलं हे शेवटचं खेळणं कशाला हिसकावायचं, असं मी स्वतःला समजावत होते. बघ, अजूनही स्वतःचीच बाजू मांडतेय.

काल संध्याकाळी सांगितलं. ती मटार सोलत होती. मी समोर बसले, दोन शेंगा सोलल्या आणि एका दमात सगळं बोलून टाकलं.

तिने सोलायचं थांबवलं नाही. मग म्हणाली, ‘म्हणजे बस आधीच येऊन गेली होती.’

‘हो.’

‘आणि पोर वेळेवर गेली होती.’

‘वेळेआधी.’

‘तुला कधी कळलं?’

‘त्याच दुपारी.’

आता ती थांबली. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, ‘मी तिचे बूट देऊन टाकले गं.’

मला कळेना. कुठले बूट?

‘खेळायचे. त्याच आठवड्यात. समोरच्या मुलीला दिले, तिला अद्दल घडावी म्हणून. आठ दिवस ती शोधत होती. मी म्हटलं, वेंधळ्या माणसाच्या वस्तू अशाच हरवतात.’

धाकटे, हे मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगते. मला वाटायचं तू स्वतःच खेळ सोडलास, आणि चार वर्षांनी नोकरीच्या गावी जाऊन पुन्हा धरलास.

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. आज सकाळी मी कचेरीला निघाले तेव्हा चहा झाकून ठेवलेला होता आणि ती खोलीत होती. आल्यावरही तेच. मी कचेरीत आज एकाच वेळेच्या दोन फेऱ्या एकाच बसला लावल्या. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं.

तिने मला माफ केलं नाही तरी चालेल. तुला कळावं म्हणून लिहितेय की सांगितलं.

ताई

शनिवार, १६ मार्च, सकाळी सहा

धाकटे,

हे पत्र आईच्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. ती देईल किंवा विसरेल, विसरली तर तूच काढून घे.

मी येत नाहीये. आई येतेय.

रविवारी तिने मला हाक मारली आणि म्हणाली, ‘तुझं ते सामन्याचं तिकीट माझ्या नावावर करता येतं का?’ मी म्हटलं, मैदानाच्या तिकिटाला नाव नसतं, पण आपण दोघी जाऊ, मी आणखी एक काढते. ‘नको. तू येऊ नकोस. मला तिच्याशी बोलायचंय, आणि तू असलीस की तूच बोलतेस.’

खरंच आहे ते.

मग मी लॉजची खोली रद्द केली. ती तुझ्याकडेच राहील, हे तुझ्या नवऱ्याशी तिने परस्पर ठरवलंय. तो गाडी घेऊन येणार होता, त्यालाही नको म्हणाली. मला वाटलं माझ्यावरचा राग त्या गाडीवर निघाला. तसं नाही. म्हणाली, ‘गाडीत बसलं की दहा मिनिटांत घर येतं. एवढ्याशा वेळात मी काय काय सांगू? मी तिच्याबरोबर चालत जाईन.’ तेव्हा आता सामना झाल्यावर मैदानातून घरापर्यंत तुम्ही दोघी पायी. मी पुन्हा ट्रामवाल्या गृहस्थांना फोन केला आणि आईच्या चालीने सगळं नव्याने मांडलं.

नवरा गाडी न घेता स्टेशनवर येईल, त्याला तिसऱ्या डब्यापाशी उभा राहायला सांगितलंय. मैदान ते ट्रामचा थांबा या सव्वीस मिनिटांच्या वाटेला तिला पाऊण तास लागेल. मोठ्या पुलाच्या अलीकडे दोन बाकं आहेत, पलीकडे औषधाच्या दुकानासमोर एक. गुडघे दुखतात का हे विचारू नकोस, ती नाही म्हणेल. तू आधी बस, म्हणजे ती बसते. पुलावर तिच्या डाव्या बाजूला राहा, उजव्या कानाने तिला नीट ऐकू येत नाही आणि ती ते कबूल करत नाही. पुलापासून तुझ्या घराजवळ ट्राम जाते, अगदीच थकली तर दर बारा मिनिटांनी आहे. गाडीची वेळ मी काल स्टेशनवर जाऊन फळ्यावर स्वतः वाचून आले, आजच्या तारखेची. हसलीस तर हस.

ती बुटांबद्दल बोलेल. तिला मधे तोडू नकोस. बोलायला किती वेळ लागेल ते मला सांगता येत नाही.

आत्ता ती दारात तयार उभी आहे. चांगली साडी नेसलीय, वर तुझ्या संघाच्या रंगाचा स्कार्फ. कुठून आणला देव जाणे. निघायला अजून चाळीस मिनिटं आहेत म्हटलं, तर म्हणे, ‘तुझ्या मिनिटांवर आता मी विसंबत नाही.’ तोंडावर म्हणाली.

मला यायचं होतं. हे लिहू की नको असं वाटत होतं, पण लिहिते. मला तुला मैदानाच्या कडेला उभी असलेली बघायचं होतं, लांबून का होईना. फार यायचं होतं.

ताई

मंगळवार, १९ मार्च

धाकटे,

आई काल दुपारी पोचली. पाय सुजलेत, घसा बसलाय, चेहरा असा की मी बाबा गेल्यापासून पाहिला नव्हता. रविवारची गाडी तिने मुद्दाम सोडली आणि मला साधं कळवलंही नाही. मी स्टेशनवर दीड तास उभी होते. तिला सांगितलं तर म्हणाली, ‘मग? कळलं ना उभं राहायला कसं वाटतं?’

तुम्ही एक गोलने हरलात हे तिने सगळ्यांत शेवटी सांगितलं, जसं काही ते किरकोळच आहे. पंच आंधळा होता असं तिचं मत आहे. तिला ऑफसाइड काय ते ठाऊक नाही, पण झालेला नव्हता म्हणते. तुझ्या संघातल्या गोलरक्षक मुलीला तिने जवळ घेतलं, तर तिच्या हातमोज्यांचा चिखल साडीवर आलाय. तो धुवायला देत नाहीये.

पुलावर काय बोलणं झालं, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एवढंच म्हणाली की अंधार पडायच्या आत घरी पोचलात आणि मधे तिन्ही बाकांवर बसलात. नंतर म्हणाली, ‘तिला नवीन बूट घेऊन दिले. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, पायात घाल, मला बघू दे.’ हे सांगताना रडली. मग तोंड धुऊन आली आणि भात टाकला.

आल्यापासून ती मला ‘घड्याळ’ म्हणत नाही, माझ्या नावाने हाक मारते. शेजारणीसमोरही.

रात्री जेवताना मला राहवलं नाही. विचारलं, ‘माझ्याबद्दल काही विचारलं तिने?’

‘नाही.’

‘काहीच नाही?’

‘मी तुझा विषय काढला होता. ती म्हणाली, आई, आज नको.’

मी पुढे जेवले. ‘आज नको’ याचा अर्थ लावायला मी ताबडतोब सुरुवात केली होती, तुला सांगते. आज नको म्हणजे उद्या चालेल का, की कधीच नको. मग मी ते थांबवलं. तुझ्या वतीने मी पुष्कळ वर्षं ठरवत आले. आता तुझं तू.

तेव्हा मी न बोलावता येणार नाही, मैदानातही नाही. पत्रंही आता नाहीत, हे शेवटचं. आईला मात्र दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी यायचंय, तिने कॅलेंडरवर खुणाही केल्यात. तिला खिडकीची जागा लागते. मी तिला इथे गाडीत बसवून देत जाईन आणि गाडी हलेपर्यंत थांबेन. तिथे नवऱ्याला पाठवू नकोस, उतरवून घ्यायला तू जा. तिला ते आवडेल.

ताई